एलएसडीने डोकं 'कायमचं' फिरतं का?

खारा_दाणा

परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीत व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं. एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या नशेच्या द्रव्याबद्दल वक्ते छातीठोकपणे म्हणाले, "एलएसडीत भिजवलेला एक पेपर जिभेवर ठेवला की माणूस आयुष्यातून उठला. ते पाठीच्या कण्यात साठून राहतं आणि वीस वर्षांनीही उसळी मारतं." पहिल्या रांगेत माझा अठरा वर्षांचा मुलगा बसलेला. घरी येऊन त्याने दोन मिनिटांत फोनवर दाखवलं की कण्याची गोष्ट शुद्ध थाप आहे. रक्तातलं एलएसडी तीन-साडेतीन तासांत निम्मं होतं, काही दिवसांत मागमूस राहत नाही. आता तो त्या वक्त्यांचं दारूबद्दलचं खरं बोलणंही ऐकणार नाही.

म्हणून हा धागा. माझं मत: ही भीती फुगवलेली आहे. आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ कंपनीत, राय धान्यावरच्या अरगट बुरशीतल्या द्रव्यापासून एलएसडी बनवलं. १९ एप्रिल १९४३ ला स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं आणि सायकलवरून घरी गेले. दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण दिसली, आपण मेलो असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत ठणठणीत. वारले १०२ व्या वर्षी. १९६७ मध्ये 'गुणसूत्रं तुटतात' अशी बोंब उठली, चार वर्षांत ती फोल ठरली. २०१३ साली नॉर्वेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १ लाख ३० हजार लोकांची माहिती तपासली. त्यातल्या सुमारे २२ हजारांनी कधी ना कधी एलएसडी, नशेचे मशरूम वगैरे घेतलेलं. त्यांच्यात मानसिक आजार जास्त सापडले नाहीत.

घ्या असं म्हणत नाही. मी १९९४ ला गोव्यात हणजुण्याला एकदा घेतलं होतं. बारा तास समुद्र बघत बसलो. आज बँकेत आहे आणि कर्जाचे हप्ते वेळेवर भरतो.

जोशीबुवा

आमच्या वेळी शिवरात्रीला भांग पुरायची. चालू द्या.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचं काम करते. कण्याची थाप, हे मान्यच. पण दाणेसाहेब, नॉर्वेवाल्यांनी वापरलेलं सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेलं आहे. जो वॉर्डात भरती आहे तो दार कसा उघडणार?

आता दुसरी बाजू. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातला २०२४ चा अभ्यास बघा. भास निर्माण करणारी द्रव्यं घेऊन जे लोक इमर्जन्सीत आले, त्यांच्यातल्या जवळपास ४ टक्के लोकांना तीन वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या गटातलं निदान झालं. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ०.१५ टक्के. आधीचे आजार आणि इतर व्यसनं हिशोबात धरूनही धोका साडेतीन पट उरतो.

खारा_दाणा

इमर्जन्सीत आले म्हणजे ज्यांचं आधीच बिनसलं होतं तेच ना? अपघात विभागात उभं राहून मोटारसायकल किती धोक्याची ते मोजल्यासारखं आहे हे. त्यात कुठली द्रव्यं किती, तेही सगळं एकत्र.

रात्रपाळी

बरोबर. मग तुमचा अभ्यास म्हणजे वारीत चालणाऱ्यांना विचारून गुडघेदुखी मोजणं. एकाने बिछान्यावरचे सोडले, दुसऱ्याने धडधाकट.

म्हणून मी जुन्या आकड्यांकडे जाते. सिडनी कोहेन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० साली ४४ संशोधकांकडून माहिती गोळा केली. सुमारे ५ हजार माणसं, २५ हजार वेळा दिलेलं एलएसडी किंवा त्याच जातीचं मेस्कलिन. दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलेलं वेड निरोगी स्वयंसेवकांत हजारी एकाहूनही कमी, मानसिक रुग्णांत हजारी दोनच्या आसपास. कोहेन म्हणाले, बऱ्यापैकी सुरक्षित. पण माल दवाखान्याबाहेर पसरू लागल्यावर, दोनच वर्षांत, त्यांनीच धोक्याचे इशारे द्यायला सुरुवात केली.

कारण त्या आकड्यांमागे डॉक्टर शेजारी बसलेला आहे, माणूस निवडून घेतलेला आहे. हणजुण्याच्या किनाऱ्यावर कोण विचारतं, "बाळा, तुझ्या मामाला कधी काही झालं होतं का?" आणि विचारलं तरी आपल्याकडे मामाला 'बाहेरचं झालं होतं' असं सांगून गप्प बसलेले असतात सगळे. पोराला माहीतच नसतं. माझ्याकडे येणाऱ्यांत दर वेळी हेच. आई बाहेर बाकावर बसलेली असते आणि तिसऱ्या भेटीत हळूच सांगते, "माझा भाऊ पण असाच होता हो."

बाझलवासी

योगायोगाने त्याच गावातून लिहितोय. इथे सरकारच्या आरोग्य खात्याची खास परवानगी काढून काही डॉक्टर रुग्णांना एलएसडी देतात, कायदेशीर. अमेरिकेत २०२५ मध्ये चिंतारोगाच्या १९८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. १०० मायक्रोग्रॅमची एकच मात्रा, बारा आठवड्यांनीही खोट्या औषधापेक्षा जास्त आराम. तेव्हा दाण्यांच्या बाजूने अर्धं मत. उरलेलं अर्धं ताईंना, कारण अशा चाचण्यांत स्किझोफ्रेनिया असलेल्यांना दारातूनच परत पाठवतात.

अजून एक. १९९४ चा पेपर आणि आजचा पेपर एकच धरू नका. एलएसडी म्हणून एनबोम नावाचं भलतंच रसायन विकलं जातं आणि त्याने माणसं मेली आहेत. कागदाकडे बघून काही कळत नाही.

काळाकोट

टिकाऊ परिणाम विचारताय ना? मग एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा वाचा. एलएसडीची 'अल्प मात्रा' ०.००२ ग्रॅम, 'व्यापारी मात्रा' ०.१ ग्रॅम. नुसतं द्रव्य धरलं तर ०.१ ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅमच्या हजार मात्रा होतात. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की कागदाचंही वजन धरायचं. म्हणजे चिमूटभर कागदात पोरगं व्यापारी ठरतं. किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास नाही. कच्च्या कैदेत दीड वर्ष काढून आलेल्या अशिलाचं डोकं कशाने फिरलं, पेपरने की कोठडीने, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

खारा_दाणा

वकीलसाहेब, हे मात्र माझ्याच मुद्द्याला धरून झालं.

निमा_म्हणे

वाचत होते, लिहायचं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना तीनदा घेतलं. बॅड ट्रिप नाही, वेड लागलं नाही, कुठे भरती नाही. तिसऱ्या वेळेनंतर महिन्याभराने म्हणाला, भिंतीवर मुंग्या दिसतात. जुन्या टीव्हीवर केबल गेली की यायच्या तशा. डोळे मिटले तरी. चष्म्याचा नंबर तपासला, दोन डॉक्टर झाले, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. एकाने चक्क सांगितलं, मोबाईल कमी बघ. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञाने नाव सांगितलं, एचपीपीडी, म्हणजे अशा द्रव्यांची नशा उतरल्यावरही नजरेत असले प्रकार राहून जाणं. अमेरिकन डॉक्टरांच्या निदान-पुस्तकात हा प्रकार १९८७ पासून आहे म्हणे.

तो क्लबाचा विकेटकीपर होता. आता चेंडू आला की त्याच्या मागे आणखी सात-आठ चेंडूंची शेपटी दिसते. कुठला पकडायचा?

दाणेकाका, तुमच्या आणि डॉक्टरताईंच्या आकड्यांत माझा भाऊ कुठल्या रकान्यात बसतो तेवढं सांगा.

खारा_दाणा

ताई, वाईट वाटलं वाचून, खरंच. तरी विचारतो, गांजाही होता का सोबत? आणि असं किती जणांना होतं? हजारात एकाला होणाऱ्या गोष्टीवरून बाकी ९९९ जणांना घाबरवणं मला अजूनही पटत नाही.

रात्रपाळी

किती जणांना होतं, याचा ठाम आकडा मीही देणार नाही. तुमचा 'हजारात एक' कुठून आला? दुर्मीळ आहे, एवढंच. काहींचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं. हमखास औषध नाही. गांजाने वाढू शकतं. आणि दाणेसाहेब, घाबरवू नका हे मान्य. पण "मी घेतलं, मला काही झालं नाही" हेही त्या व्याख्यानाचंच दुसरं टोक आहे.

निमा_म्हणे

गांजा होता. सोडला. मुंग्या थोड्या कमी झाल्या, शेपटी तशीच.

खारा_दाणा

मुलाला धागा वाचायला दिला. माझ्या ९४ सालच्या पराक्रमासकट, त्यामुळे घरात सध्या वातावरण तापलेलं आहे. त्याने अभ्यास, आकडे सगळं भराभर खाली सरकवलं आणि निमाताईंच्या प्रतिसादापाशी थांबला. विचारतोय, तो दादा रात्री गाडी चालवतो का?

निमा_म्हणे

नाही. समोरून येणाऱ्या दिव्यालाही शेपटी येते. बाईक विकली. रविवारी क्लबाबरोबर मैदानावर जातो अजून, स्कोअर लिहायला.