मदत हवी आहे : फ्लूने फुफ्फुसाला झालेली इजा रक्तातून मोजण्याची तपासणी कोठे होते?

गुहागरकर_मामा
माझा भाचा फ्लूमुळे रत्नागिरीच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. फुफ्फुसाला किती इजा झाली हे 'सर्फॅक्टंट प्रोटीन-डी' या रक्ततपासणीतून समजते, असे नातेवाइकांनी कळवले आहे. येथील प्रयोगशाळेत मात्र ती होत नाही. नमुना मुंबईत कोठे पाठवावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाऊसवेडी
मुलाचे वय व वजन किती, ताप येऊन किती दिवस झाले, व्हेंटिलेटर लावला आहे का, ऑसेल्टामिविर हे फ्लूचे औषध सुरू आहे का? यांतले काहीच लिहिले नसेल तर कोण काय सांगणार?

खाडीकाठ
त्याऐवजी प्रोकॅल्सिटोनिन करून घ्या. माझ्या मुलीच्या न्यूमोनियात डॉक्टरांना त्याचाच आधार मिळाला.

बालरोग_चिपळूण
खाडीकाठ, प्रोकॅल्सिटोनिन प्रामुख्याने जिवाणूसंसर्गाचा अंदाज देते. मामांचा प्रश्न फुफ्फुसाच्या इजेचा आहे. सर्फॅक्टंट प्रोटीन-डी वायुकोशांतील (फुफ्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांतील) पेशी तयार करतात आणि वायुकोश व रक्तवाहिन्या यांमधला पडदा फाटला की ते रक्तात झिरपते. अँजिओपोएटिन-2 हे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा दाखवते. संशोधनात या दोन्हींना महत्त्व आहे. परंतु अमुक आकड्याला अमुक उपचार, असा नियम ठरलेला नाही. त्यामुळे अहवाल आला तरी उपचार बदलणार नाहीत.

खाडीकाठ
फ्लूपाठोपाठ स्टॅफिलोकॉकसचा न्यूमोनिया होऊन मुले झपाट्याने खालावतात, हे आपणही जाणता. मग जिवाणूंचा प्रश्न गैरलागू कसा?

बालरोग_चिपळूण
गैरलागू नाही. मात्र इतक्या आजारी मुलात केवळ प्रोकॅल्सिटोनिन कमी आले म्हणून अँटिबायोटिक थांबवता येत नाही. रक्ताचे व श्वासनलिकेतील स्रावाचे कल्चरही (जिवाणू वाढतात का ही तपासणी) पाहावे लागते.

सावंतवाडी_वाट
भातलावणीचे दिवस आहेत. लेप्टोची (शेतातल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी झाली का? लेप्टोतही फुफ्फुसात रक्तस्राव होतो आणि एक्स-रे असाच पांढरा दिसतो.

देवगड_आई
फ्लूची लस वयाच्या 6 महिन्यांनंतर दरवर्षी देता येते आणि 9 वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात. सर्व पालकांनी ती द्यावी, अशी कळकळीची विनंती.

गुहागरकर_मामा
लसीचे नंतर पाहू, ताई. वय 6 वर्षे, वजन 19 किलो. कालपासून व्हेंटिलेटरवर आहे. घशाच्या नमुन्यात इन्फ्लुएंझा ए आढळला, लेप्टोची तपासणी निगेटिव्ह आहे. ऑसेल्टामिविर 45 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू आहे. मुलाची तब्येत कोणत्या दिशेने चालली आहे, हे आम्हाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून ही धडपड.

बालरोग_चिपळूण
औषधाची मात्रा वजनाला योग्य आहे. आता तेथील डॉक्टरांना 'ऑक्सिजनेशन इंडेक्स' किती आहे ते विचारा. व्हेंटिलेटरवरील सरासरी दाबाला ऑक्सिजनच्या टक्केवारीने गुणून, धमनीच्या रक्तातील ऑक्सिजनच्या दाबाने भागले की तो मिळतो. दाब 15, ऑक्सिजन 60 टक्के आणि रक्तातील दाब 75 असेल तर उत्तर 12 येते. लहान मुलांसाठीच्या 2023 च्या निकषांनुसार 16 किंवा त्याहून अधिक म्हणजे इजा तीव्र. धमनीतून रक्त घेतले नसेल तर बोटावरच्या ऑक्सिजन मापनावरूनही असाच अंदाज काढता येतो.

गुहागरकर_मामा
संध्याकाळी डॉक्टर भेटतील तेव्हा विचारतो. एकदा विचारून पुरे, की रोज विचारावे?

बालरोग_चिपळूण
रोज विचारा आणि लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे महत्त्वाचे. चढतच राहिला तर मोठ्या केंद्रात हलवण्याविषयी तेथील डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला. घाटातला किंवा मुंबईचा प्रवास व्हेंटिलेटरवरच्या मुलाला सोपा नसतो, त्यामुळे तो निर्णय उशिरा घेऊ नये.