प्राग: राहायला आलेल्यांनी ‘बघायलाच हवं’वाली यादी गुंडाळून ठेवावी का?

चाकणकर
कंपनीने दोन वर्षांसाठी इकडे धाडलंय. नोकरी म्लादा बोलेस्लावला, बिऱ्हाड प्रागला. जो भेटतो तो तीच यादी ऐकवतो: चार्ल्स पूल, किल्ला, जुन्या चौकातलं घड्याळ. माझं म्हणणं, ती यादी परतीचं तिकीट खिशात असलेल्यांची. घड्याळाखाली तासाला गर्दी माना वर करून उभी. सांगाडा घंटा वाजवतो, दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, कोंबडा आरवतो, खेळ खलास. तोवर आपला हात पाकिटावर.

त्यापेक्षा विशेहरादच्या जुन्या गडावर जा. तटबंदीवरून वल्तावा नदीचं वळण बघा, तिथल्या दफनभूमीत संगीतकार ड्वोर्झाक आणि चित्रकार मुखा आहेत. किंवा लेतनाची टेकडी. तिथे 1955 साली स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभारला आणि 1962 मध्ये सुरुंग लावून उडवला. आता त्याच चौथऱ्यावर एक भलामोठा मेट्रोनोम (संगीतातला ताल मोजायचा लंबक) डुलतो.

पंचांगवाला
अहो, बाहुल्या बघून घड्याळ बघितलं म्हणणं म्हणजे भरल्या पानावरची चटणी चाखून उठणं! प्रेषित बऱ्याच नंतर बसवलेत, मूळ यंत्र 1410 चं. गर्दी पांगली की तबकडी वाचा. बाहेरच्या कड्यावर जुनी बोहेमियन वेळ आहे, ती सूर्यास्तापासून मोजायची. आपल्या घटका सूर्योदयापासून, यांचे तास मावळतीपासून. आत वाकड्या रेघा दिसतात ना, त्या दिवसाचे उजेड असेपर्यंत बारा भाग करतात. म्हणजे उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड. राहुकाळ काढताना आपण दिवसाचे आठ भाग करतो, तसंच.

राशींचं कडंही आहे, पण ते सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं; आपलं निरयन, ताऱ्यांवरून. सूर्य 21-22 डिसेंबरलाच मकरेत जातो, आपल्यासारखा 14 जानेवारीपर्यंत थांबत नाही. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा रुपेरी आणि कलेप्रमाणे फिरतो. भिंतीवर पंचांग टांगलंय आणि तुम्ही पाकीट धरून उभे!

चाकणकर
बरं, सायन-निरयनचं डोक्यात आलं नव्हतं. पण इथे रोज मान वर करून कोण वाचणार? पुलाचं काय? 516 मीटर, तीस मूर्ती, आणि चालायचं रांगेने.

तिसरा मजला
पुलावर पहाटे जा, मग बोला. आणि तिथल्या बऱ्याच मूर्ती प्रतिकृती आहेत. काही मूळ मूर्ती तुमच्याच लाडक्या विशेहरादच्या तटबंदीखाली, गोर्लित्से दालनात ठेवल्यात. म्हणजे तुमच्या पर्यायात यादी लपलेलीच आहे :)

शिवाय यादी गुंडाळायला एकट्याला परवडतं. आमचे आई-बाबा पंधरा दिवसांसाठी आले. ‘पुतळा नाही तिथला चौथरा’ दाखवायला त्यांना लेतनाच्या पायऱ्या चढवू? त्यांना किल्लाच बघायचा होता. 22 नंबरची ट्राम वरच्या बाजूला सोडते, मग सगळी उतरण. तरी दगडी फरसबंदीवर आईने दोनदा बसकण मारली. घड्याळाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, म्हणून तो मात्र सुखाचा.

उंबरठा
दोन्ही बाजूंना विरोध. यादी म्हटलं की सगळे पूल-घड्याळावर भांडतात. त्याच यादीत पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनागृहही आहे. भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या ज्यूंची नावं हाताने लिहिलीत, जवळपास 78 हजार. आडनाव एकदा, पुढे घरातली माणसं, तारखा, मग लगेच पुढचं कुटुंब. मी एकाच आडनावापाशी अडकले, पुढची भिंत बघितलीच नाही. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझिन छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. हे ‘पर्यटकांचं’ म्हणून वगळणार असाल तर मला तुमचं मत पटत नाही, चाकणकर.

चाकणकर
हे वगळा असं म्हणालो नव्हतो. पण धाग्याचं शीर्षक तसंच वाचलं जातंय, मान्य. पिंकासला गेलेलो नाही. दहा महिने झाले, आणि घराजवळून ट्राम थेट जाते.

पुलाबद्दल मात्र माघार नाही. आणि तिथली ती साखर लावलेली गुंडाळी ‘पारंपरिक चेक’ म्हणून विकतात, तिचं समर्थन कुणी करू नये.

पंचांगवाला
गुंडाळीवर एकमत. रविवारी सकाळी आठला चौकात या, प्रेषित नऊला निघतात. तासभर तबकडी आपलीच.