मदत हवी आहे : सागवानी कपाट आणि बांधीव दिवाळी अंक

दोघंही निवृत्त. सदाशिव पेठेतलं, लिफ्ट नसलेलं तिसऱ्या मजल्यावरचं मोठं घर सोडून दिवाळीआधी कोथरूडला वन बीएचकेत जायचंय. घराचा व्यवहार, कर, पॅकर्स हे सगळं मार्गी लागलंय. मुलांनी हवं ते नेलं. पितळी भांडी तांबट आळीत विचारून, मोडीत नीट भाव घेऊन दिली; ठोक्याचा हंडा तेवढा ठेवलाय.

अडलंय दोन गोष्टींवर. सासऱ्यांचं सागवानी कपाट साडेसहा फूट उंच, खिळे नाहीत, लाकडी खुंट्यांवर जोडलेलं. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याच्या वळणावरही अडेल. जुन्या बाजारात फक्त लाकडाचा भाव सांगतात. मला ते विकायचं नाहीये, रोज वापरायचंय. एक सुतार म्हणाला, खुंट्या काढताना फळ्या चिरतील. दुसरा म्हणतो, काही होत नाही.

दुसरं, १९६० ते ८५ चे बांधीव दिवाळी अंक. वाळवी नाही, पानं पिवळी पण धड आहेत. एका ग्रंथालयाने यादी मागितली, त्यांच्याकडे नसलेलेच घेणार म्हणाले. यादी तयार आहे. रद्दीत देणार नाही, पैसेही नकोत, फक्त वाचणाऱ्यांच्या हाती पडावेत. नव्या घरात मात्र एकच शेल्फ आहे.

असं खुंट्यांचं कपाट सुटं करून पुन्हा जोडून घेतलेलं कुणी आहे का, कितपत टिकलं आणि मजुरी किती पडली? आणि उरलेले अंक पुण्यात किंवा आसपास, गावातलं वाचनालयही चालेल, आनंदाने कोण घेईल?