हळदीतलं लोह आणि १०० ग्रॅमचा हिशोब
ताई, हळदीत पालकापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं म्हणून मुलींना रोज हळदीचं दूध द्या, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पोषणमूल्यांच्या तक्त्यातला लोहाचा आकडा खरा आहे, पण तो १०० ग्रॅम हळदीचा! आम्हा सांगलीकरांना राजापुरी हळदीचं कौतुक आहेच, तरी दुधात पडते ती अर्धा चमचा, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. त्यातून लोह मिळतं जेमतेम १ मिलिग्रॅम, शिवाय दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगी कमीच लागतं. उलट १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं, आणि तेवढ्या पिठाच्या दोन भाकरी कुणीही सहज खातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते जरूर बघा, फक्त आकडा कच्च्या पदार्थाचा की शिजवलेल्या, हे तपासा. तूरडाळीतली २१-२२ ग्रॅम प्रथिनं कोरड्या डाळीची आहेत. वाटीभर पातळ वरणात पाचेक ग्रॅमच येतात.

भाकरीसोबतच्या मेथीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तासभर जाऊ द्या. आणि मुलींना दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.