मंदीत अडकलेला पैसा: घोडं कुठे पेंड खातं?

२० सप्टेंबर २०१९ ला पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावं लागेल, हे सरकारनेच सांगितलं. तीनच दिवसांनी, २३ तारखेला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येणार होते. तेव्हा देशाचा विकासदर ५ टक्क्यांवर आला होता, आणि जुलैमधली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली होती. मंदी सगळ्यांचीच होती. कंपन्यांना दिलासा एका घोषणेत मिळाला, ठेवीदाराला मात्र प्रत्येक रुपयासाठी अर्ज करावा लागला. ती चीड अजून गेलेली नाही.

या धाग्यावर जाणकारांनी आपापल्या टोपणनावाने लिहावं. राग जरूर येऊ द्या, पण सोबत कोणता कागद, किती दिवस आणि काम कुठे अडतं तेही सांगा. आपापली रामकहाणी मात्र नको, ज्याचे पैसे आज अडकलेत त्याला उपयोग होईल असं लिहा.

जमाखर्च

सुरुवात ठेव विम्यापासून करू, कारण याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. १९९३ पासून हे संरक्षण एक लाखाचं होतं. २७ वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, आकडा तिथेच राहिला. पीएमसीनंतर इतकी ओरड झाली तेव्हा ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला. याचा हप्ता बँक भरते, खातेदार नाही.

पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. बचत खातं ठाण्यात आणि मुदत ठेव मुलुंडमध्ये असली तरी हिशेब एकच. म्हणून बरोबर पाच लाखांची ठेव ठेवू नका. निर्बंध येईपर्यंत साठलेलं व्याज मर्यादेबाहेर जातं. साडेचार लाखांवर थांबलेलं बरं.

त्याच बँकेचं कर्ज असेल तर आधी ते वजा होतं. ठेव सहा लाख आणि कर्ज दोन लाख असेल, तर विम्याकडून चार लाख येतात. एकल मालकीच्या धंद्याचं चालू खातं मालकाच्या वैयक्तिक खात्यात मिळवलं जातं, भागीदारी संस्थेचं मात्र वेगळं धरतात. दुकानदार नेमका इथेच फसतो. त्याला वाटतं दुकानाचे पाच आणि घरचे पाच. मिळतात पाचच.

१ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देणं बंधनकारक आहे. बँकेने यादी द्यायला ४५ दिवस, ठेव विमा महामंडळाने तपासायला ३० आणि पैसे जमा करायला १५. पण यादीत नाव असलं म्हणजे पैसे आपोआप येतील असं नाही. खातेदाराने इच्छापत्र (म्हणजे मृत्युपत्र नव्हे, विम्याची रक्कम हवी असल्याचा अर्ज) भरून, आधार आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील जोडून शाखेत द्यावं लागतं. सर्वांत जास्त लोक इथेच मागे पडतात. केवायसी जुनी, पासबुकावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, किंवा खातेदार वारला आणि नामनिर्देशनच नाही. इच्छापत्राची पोच शिक्क्यासह घ्या.

पासबुक

जमाखर्च यांना एक जोड. संयुक्त खात्यात नावांचा क्रम महत्त्वाचा. ‘नवरा आणि बायको’ हे एक खातं आणि ‘बायको आणि नवरा’ हे दुसरं. दोन्हींना स्वतंत्र पाच-पाच लाखांचं संरक्षण मिळतं. नुसती ‘दोघांपैकी कोणीही’ ही सूचना बदलून काही होत नाही, पहिलं नाव बदलायला हवं. अज्ञान मुलाचं पालकाने चालवलेलं खातंही वेगळं धरलं जातं.

आता पीएमसीच्या तारखा. त्या ओळीने वाचल्या की कुठे चीड यावी ते आपोआप कळतं. हजाराची मर्यादा २६ सप्टेंबरला दहा हजार झाली, ३ ऑक्टोबरला पंचवीस, १४ ऑक्टोबरला चाळीस, ५ नोव्हेंबरला पन्नास. मधे १० ऑक्टोबरला ठेवीदार मुंबईत अर्थमंत्र्यांसमोर उभे राहिले. बँकेचं नियमन रिझर्व्ह बँक करते, मंत्रालयाचा थेट संबंध नाही, असं उत्तर मिळालं. २१ ऑक्टोबरला राज्यात विधानसभेचं मतदान झालं. एक लाखाची मुभा यायला जून २०२० उजाडला.

येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले तेव्हा मर्यादा पहिल्याच दिवशी पन्नास हजार होती. स्टेट बँकेला पुढे करून तेराव्या दिवशी, १८ मार्चला, ते उठवलेही. खातेदारांची सुटका झाली हे चांगलंच झालं. पण सरकारी यंत्रणेला मनात आणलं तर तेरा दिवस पुरतात, हेही त्यातून दिसलं. पीएमसीला अठ्ठावीस महिने लागले.

२५ जानेवारी २०२२ ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. किरकोळ ठेवीदाराला विम्याचे पाच लाख आधी, मग पहिल्या वर्षाअखेर ५० हजारांपर्यंत, दुसऱ्या वर्षाअखेर ५० हजार, तिसऱ्या १ लाख, चौथ्या अडीच लाख, पाचव्या साडेपाच लाख. पाच वर्षांत एकूण पंधरा लाख, आणि त्यावर उरलेली रक्कम दहाव्या वर्षाअखेर, म्हणजे २०३२ ला. ३१ मार्च २०२१ नंतर, विलीनीकरणाला पाच वर्षं होईपर्यंत व्याज नाही, पुढे वर्षाला २.७५ टक्के. निवृत्तीची पुंजी ज्यांनी साठाव्या वर्षी तिथे ठेवली त्यांनी ‘दहाव्या वर्षाअखेर’ हे शब्द कसे वाचायचे, याचं उत्तर एकाही पक्षाने दिलेलं नाही.

जमाखर्च

अहवाल वाचून हे आधी कळलं असतं का, असं बरेच जण विचारतात. पीएमसीच्या मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ अनुत्पादित (म्हणजे थकलेली) कर्जं ३.७६ टक्के आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल, १२.६२ टक्के होती. तेव्हा भांडवलाची किमान अट ९ टक्क्यांची, म्हणजे कागदावर बँक ठणठणीत. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एका बांधकाम समूहाकडे होतं, आणि ते झाकायला हजारो बनावट खाती उघडली होती. म्हणून ‘ठेवीदाराने डोळे उघडे ठेवायला हवे होते’ असं कोणी म्हणालं की संताप येतो. लेखापरीक्षकाला आणि तपासणीसाला जे दिसलं नाही ते पासबुक भरायच्या रांगेत उभ्या आजींना कसं दिसणार?

तरीही दोन गोष्टी बघाव्यात. शेजारच्या बँकांपेक्षा ठेवीवर एक-दीड टक्का जास्त व्याज का मिळतंय, आणि रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला दंड केल्याची प्रसिद्धिपत्रकं किती आहेत. दुसरी माहिती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बँकेचं नाव टाकून फुकट मिळते.

सोसायटी_सचिव

गृहनिर्माण सोसायट्यांचं दुखणं वेगळं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७० नुसार संस्थेचा निधी कुठे गुंतवायचा याचा रोख सहकारी बँकांकडे आहे. कायदा तिकडे वळवतो, आणि बँक बुडाली की पाच लाखांचं एकच संरक्षण शंभर सदनिकांच्या सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीला) लागतं. पीएमसीच्या योजनेत संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे प्राधान्य समभाग झाले आणि २० टक्क्यांचे वॉरंट, म्हणजे पुढे कधीतरी समभाग मिळण्याचा हक्क. लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीवाला वॉरंट घेत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. निधी चार-पाच बँकांत विभागा, प्रत्येक बँकेत व्याजासकट पाच लाखांच्या आत ठेवा, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात बँकांची नावं लिहा. ठेव पावत्यांच्या तारखा एकाच महिन्यात येऊ देऊ नका.

निबंधक_कचेरी

बँक आणि पतसंस्था यांत गल्लत करू नका. पतसंस्थेला ठेव विमा नाही. पाटीवर ‘नागरी सहकारी पतसंस्था’ असेल, आत बँकेसारखाच काउंटर आणि तसंच पासबुक असेल, तरी पाच लाख सोडाच, पाच रुपयांचंही संरक्षण नाही. कंपन्यांच्या मुदत ठेवींनाही नाही. डीएचएफएल डिसेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२१ मध्ये ती पिरामलकडे गेली तेव्हा दोन लाखांवरच्या मुदत ठेवीदारांच्या हाती सुमारे २३ टक्के पडले.

पतसंस्थेने ठेव परत दिली नाही तर पहिला लेखी अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. संस्था बहुराज्यीय असेल तर हा अर्ज फुकट जातो, ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत येते. म्हणून आधी ठेव पावतीवरचा नोंदणी क्रमांक आणि कायद्याचं नाव वाचा. दुसरा मार्ग ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेत नोंदवला जातो, मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालय लिलावाला परवानगी देतं. तक्रार एकट्याने देऊ नका. पन्नास ठेवीदारांचा एकच तक्ता करा: नाव, पावती क्रमांक, रक्कम, मुदतपूर्तीची तारीख, मागणी केल्याची तारीख. शेवटचा रकाना मोकळा असेल तर ‘यांनी पैसे मागितलेच नव्हते’ असा बचाव होतो.

अडतं कुठे? जप्त जमिनीवर आधीच एखाद्या बँकेचा बोजा निघतो, किंवा सक्तवसुली संचालनालयानेही तीच जमीन जप्त केलेली असते. मग वर्षं जातात.

आणि आता ज्याचा खरा राग आहे ते. पाच-दहा हजारांचं कर्ज थकवणाऱ्यावर संस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, त्याची मोटारसायकल उचलून नेली जाते. संचालकांनी स्वतःच्याच माणसांना वाटलेल्या कर्जाची जबाबदारी ठरवायची तर आधी कलम ८३ ची चौकशी, मग कलम ८८ ची. आदेश झाला तरी अपील आणि पुनरीक्षण मंत्र्यांपर्यंत जातं आणि तिथे स्थगिती मिळू शकते. ज्याने निकाल द्यायचा आणि ज्याच्यावर ठपका आहे, ते एकाच सहकारी राजकारणात वाढलेले असतात. ही रचना बदलल्याशिवाय ठेवीदाराला न्याय मिळणं कठीण आहे. माहिती अधिकारात कलम ८८ च्या आदेशाची प्रत आणि स्थगितीच्या सुनावणीच्या तारखा मागा. नुसतं ‘प्रकरणाची सद्यस्थिती’ विचारलं तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच येतं.

चाकण_दुसरी_पाळी

इथे सगळे ठेवींबद्दल बोलताहेत, पण मंदीत ज्याचा पगारच अडकतो त्याचंही लिहायला हवं. २०१९ मध्ये गाड्या खपेनात तेव्हा चाकण-पिंपरी पट्ट्यात ‘ब्लॉक क्लोजर’ सुरू झालं. महिन्यात काही दिवस कारखाना बंद. कायद्याने हा ले-ऑफ, आणि त्याची भरपाई मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी. दोन्ही मिळून १३,००० असतील तर २६ ने भागून दिवसाला ५००, भरपाई २५०. वर्षात २४० दिवस भरलेले हवेत, नाव हजेरीपटावर हवं, आणि बदली कामगार असला तर नाही.

गफलत दोन ठिकाणी होते. बंदचे दिवस कामगाराच्या हक्काच्या रजेत वळते केले जातात, म्हणून पगारपत्रकातला रजेचा शिल्लक आकडा दर महिन्याला टिपून ठेवा. दुसरं, ले-ऑफच्या दिवशी ठरलेल्या वेळी गेटवर हजर राहिला नाही तर भरपाई बुडते. घरी थांबा असा निरोप तोंडी आला असेल तर तो लेखी मागा.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफसाठी सरकारची परवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत तो आकडा तीनशे झाला. दोनशे कामगारांच्या सुट्या भागांच्या कारखान्याला आता विचारायचीही गरज नाही, आणि आपल्या पट्ट्यात असेच कारखाने जास्त. हे सुधारणा म्हणून विकलं गेलं, कामगाराच्या हातून एक ढाल गेली.

कंत्राटी कामगार आधी बाहेर जातो आणि त्याचा हिशेब शेवटी होतो. कंत्राटदार पळाला तर राहिलेलं वेतन देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे. १९७० च्या कायद्यात ही तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. पण कोणत्या कारखान्यात काम केलं ते सिद्ध करावं लागतं. गेटपासचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, नोकरी सुटताना पास काढून घेतात. ग्रॅच्युइटीचा हिशेब: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३,००० वर आठ वर्षांचे ६०,०००.

सातबारा

बिल्डरकडे अडकलेल्या घराबद्दल थोडक्यात. महारेराने (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियमन प्राधिकरणाने) रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परताव्याचा आदेश दिला आणि बिल्डरने पाळला नाही, की वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि थकीत जमीन महसुलासारखी वसुली होते. तिथून फाइल तहसीलदाराकडे उतरते आणि पडून राहते. कारण वॉरंटमध्ये रक्कम असते, जप्त काय करायचं ते नसतं. ते तुम्ही द्या. त्याच प्रवर्तकाच्या न विकलेल्या सदनिका महारेराच्या प्रकल्प पानावर दिसतात. त्यांचे क्रमांक, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि त्या विकल्या गेल्या नाहीत हे दाखवणारा इंडेक्स टूचा (नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सूचीचा) शोध, असा संच तलाठ्यापर्यंत स्वतः पोचवा.

बिल्डर दिवाळखोरीत गेला की वॉरंट थांबतं. एचडीआयएल ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे पीएमसीवर निर्बंध येण्याच्या महिनाभर आधीच, त्या प्रक्रियेत गेली होती. मग घरखरेदीदाराला फॉर्म सीए भरून दिवाळखोरी प्रक्रियेत दावा लावावा लागतो. भरलेली रक्कम आणि आदेशाप्रमाणे झालेलं व्याज दोन्ही लिहा. बरेच जण फक्त मुद्दल लिहितात आणि धनकोंच्या समितीतला आपला मतदानाचा वाटा कमी करून घेतात.

पासबुक

चाकण यांच्या मुद्द्याला धरून एक राहिलं. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही तर पीएफचा दावा अडतो. शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतः टाकता येते: ‘मॅनेज’ मध्ये ‘मार्क एक्झिट’. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. एकदा टाकलेली तारीख सहज बदलता येत नाही, म्हणून आधी पासबुकात शेवटचं योगदान कोणत्या महिन्याचं आहे ते बघा आणि त्याच महिन्यातली तारीख टाका.