मदत हवी आहे: पोटगी, हप्ते, लेकीची भेट, कार्डाचं कर्ज कसं फेडू?

बेळगावात उद्यमबागेत नोकरी, पगार हातात 26,000. जातात असे: पोटगी 7,000, बँकेचा हप्ता 5,400 (अजून 14), पतसोसायटीच्या कर्जाचा हप्ता 3,200, घरभाडं 4,000, किराणा-गॅस-लाईटबिल 4,500. उरले 1,900. मुलगी कोल्हापुरात आईकडे. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेट. एस.टी., रिक्षा, दोघांचं जेवण, एखादी वही-रंगपेटी धरून फेरीला 1,100.

वर क्रेडिट कार्डाचे 38,000. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 1,900 मिनिमम भरले तरी 1,570 व्याज-जीएसटीतच जातात. कार्ड वापरणं बंद आहे. उरलेले 1,900 कार्डात गेले की दोन भेटींच्या 2,200 ची तूट ओव्हरटाइममधून निघते. पावसाळ्यात तोही नसतो.

पोटगी आणि भेटी कमी करायच्या नाहीत. सोसायटीला चुलतभाऊ जामीन, तिथं थकवणं शक्य नाही. कार्डाची सेटलमेंटही (कमी रकमेत मिटवणं) नको, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ शेरा बसतो. कार्डवाल्यांना विचारलं, तर ईएमआय करून देतात, पण व्याज 18 टक्के आणि वर प्रोसेसिंग फी.

दोन तोळ्यांची चेन आहे. गोल्ड लोन काढून कार्ड बंद करावं म्हणतो, पण वर्षअखेरीची एकरकमी फेड झेपणार नाही. मुद्दल दरमहा थोडं थोडं, दंडाशिवाय भरू देणारं गोल्ड लोन बेळगावात कुणी घेतलंय का? की बँकेच्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता उतरवणं बरं?