मदत हवी आहे: आषाढी तोंडावर आणि गाणं अडकलंय

पेटीवाला_सांगली: स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणं चढवून सहा दिवस झाले. वितरकाची एकच ओळ आली, 'हक्कांबाबत खुलासा करा.' कसला खुलासा? अभंग तुकोबांचा, चाल माझी, आवाज माझा. आषाढी १२ दिवसांवर आलीये. लवकर सांगा कोणीतरी.

मिक्सरदादा: वितरक कोण? वाद्यं कोणी वाजवली? एवढ्यावरून काय सांगणार?

पेटीवाला_सांगली: वितरकाचं काय घेऊन बसलात? म्हटलं ना, चाल माझी आहे.

बासरी_नाशिक: वितरकावर बरंच असतं. वर्षाची वर्गणी थकली की काही जण गाणीच उतरवतात. म्हणून मी सीडी बेबी या वितरकाकडे एकदाच पैसे भरून मोकळा झालो.

स्वरा७६: सरळ यूट्यूबवर टाका. अभंग ऐकणारे तिथेच आहेत. स्पॉटिफायवर हजार प्ले झाल्याशिवाय पैसेही नाहीत.

मिक्सरदादा: एका गाण्याला १२ महिन्यांत हजार, २०२४ पासून. पण ताई, त्यांनी पैशांचं विचारलंच नाहीये. पेटीवाले, पखवाज कोणाचा?

पेटीवाला_सांगली: लूप आहे, म्हणजे परत परत वाजणारा तयार तुकडा, एका साइटवरून फुकट घेतलेला. रॉयल्टी-फ्री लिहिलं होतं. त्याचा काय संबंध?

मिक्सरदादा: गोम तिथेच असणार. रॉयल्टी-फ्री म्हणजे वापरायची मुभा, मालकी नव्हे. तोच लूप आणखी कितीजणांनी घेतलेला असतो. फॉर्ममध्ये कंटेंट आयडीला, म्हणजे आपलं रेकॉर्डिंग कुठे वापरलंय ते ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेला, टिक केलीत का? ती केली की यूट्यूबवर त्या लूपवरही तुम्ही हक्क सांगता.

पेटीवाला_सांगली: सगळ्यालाच टिक केली होती.

मिक्सरदादा: ती काढा. साइटवरच्या परवान्याचं पान पीडीएफ करून वितरकाला पाठवा. चाल स्वतःची असल्याचंही दोन ओळींत लिहा.

बासरी_नाशिक: त्यापेक्षा खरा पखवाज घ्या हो! लूपमधला 'धा' दर आवर्तनाला तसाच पडतो. गाणारा शब्दावर रेंगाळला तर वाजवणारा त्याला सांभाळून घेतो, लूप नाही घेत. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख-कोड, तोच ठेवून परत चढवा.

मिक्सरदादा: चूक. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या वितरकाकडे नेताना कोड तोच ठेवायचा, म्हणजे आधीचे प्ले टिकतात. पखवाज बदलला की रेकॉर्डिंग नवं, कोडही नवा.

बासरी_नाशिक: कोडचं मान्य. पखवाजाचं म्हणणं मागे घेत नाही.

गीतलेखिका: आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सदस्य आहात का? चाल तुमची, म्हणजे संगीतकार तुम्ही. तो हिस्सा वितरकाकडून येत नाही. आणि गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहू नका. तुकोबांचं नाव माहीत असताना ते का गाळायचं?

पेटीवाला_सांगली: 'पारंपरिक'च लिहिलंय. आत्ता बदलतो. टिक काढली, परवाना पाठवला. आमचे पखवाजवाले दिंडीबरोबर गेलेत, आषाढीशिवाय परतणार नाहीत. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी प्रदर्शनाच्या सात दिवस आधी पाठवावं लागतं ना? म्हणजे पाचच दिवस हातात.

मिक्सरदादा: हो, आणि त्याआधी गाणं स्पॉटिफायकडे पोचलेलं हवं. उद्या सकाळी वितरकाला परत मेल टाका. उत्तर आलं की इथे लिहा.